‘मला रागावली’ की ‘माझ्यावर रागावली’?

प्रश्न : ‘आई मला रागावली’ आणि ‘आई माझ्यावर रागावली’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे का?

उत्तर : नाही. ‘वर’ लावल्यास ‘रागावणे’ म्हणजे मनात राग धरणे. अशी रागावलेली आई दिवसभर अवाक्षरही न काढता नुसती भांडी आपटत राहू शकते. ‘ला’ लावल्यास मात्र तिने तोंडाने कानउघाडणी केली, हे गृहीत असते. ‘गृहपाठ केला नाहीस तर बाई तुला रागावतील’ असे आपण म्हणतो, तेव्हा बाईंना खरोखर राग येईल की नाही, हा प्रश्नच नसतो. ‘ओरडणे’ हे क्रियापदही ‘ला’ जोडताच असेच वळते : ‘बाबा मला ओरडले.’

‘खडसावणे’ अधिक कडक असून त्यात जाब विचारण्याची छटा आहे. शिवाय भूतकाळात त्याचा कर्ता ‘ने’ घेतो. म्हणून ‘न्यायालयाने महापालिकेला खडसावले’ हा मथळा शोभतो, पण तेथे ‘न्यायालय महापालिकेला रागावले’ असे छापल्यास वाचक हसतील, कारण रागावण्यात (निदान माझ्या कानाला तरी) थोडा घरगुतीपणा जाणवतो. ‘झापणे’ मित्रमंडळींत खुशाल वापरावे, अर्ज-अहवालांत टाळावे.