पुढचं पत्र मुलीला लिहू द्या

प्रश्न : मुलगी बीएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकाशावर फिरणाऱ्या रेणूंच्या मोटरी संगणकावर घडवायच्या, असं तिच्या डोक्यात बसलंय. आमचं म्हणणं, मोटर आवडते तर मेकॅनिकलला जा, संगणक आवडतो तर कोडिंग शिक. भौतिकशास्त्रात तिला ६१ गुण आहेत. तिला कसं समजवावं? हे पत्र लिहिल्याचं तिला कळू देऊ नका. — एक पालक

उत्तर : मला ६१ गुणांची काळजी वाटली नाही, तुमच्या शेवटच्या वाक्याची वाटली. मूळ पत्र तीन पानांचं आहे. त्यात आई, बाबा, मामा, सगळ्यांची मतं आहेत. जिचं आयुष्य आहे तिचं एक वाक्यही नाही. तिला हे का करायचंय, हे तुम्ही विचारलंत तरी का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. वीस वर्षांच्या मुलीबद्दल तिच्या पाठीमागे सल्ला मागायचा आणि तिने मात्र मोकळेपणाने बोलावं अशी अपेक्षा ठेवायची, हे जमणार नाही.

आता तुमच्या 'मोटर म्हणजे मेकॅनिकल'बद्दल. ही मोटर म्हणजे कारखान्यातल्या मोटरीची छोटी आवृत्ती नव्हे. तिच्यात चुंबक नाही, वेटोळं नाही. दोन कार्बन अणूंमधला दुहेरी बंध हाच तिचा आस. प्रकाश शोषला की तो बंध ढिला पडतो आणि रेणूचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याभोवती वळतो. पण त्या स्थितीत दोन्ही भागांची दाटी होते. मग आजूबाजूच्या उष्णतेच्या धक्क्यांनी ते एकमेकांवरून सरकून मोकळे होतात, आणि उलट जायची वाट जवळपास बंद होते. असं दोनदा झालं की एक फेरी. फिरायची दिशा रेणूच्या डाव्या-उजव्या घडणीतून ठरते. त्याचं आरशातलं रूप बनवलं तर ते उलटं फिरतं. रसायनशास्त्रज्ञ बेन फेरिंगांच्या गटाने नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये अशी पहिली मोटर १९९९ मध्ये दाखवली; २०१६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. हे सगळं रसायनशास्त्रच आहे. मुलगी योग्य वर्गात बसली आहे.

'नुसतं कोडिंग' हेही तितकंच अर्धवट. प्रकाशाची पायरी पिकोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या, हिशेबात उरकते, उष्णतेची पायरी घडणीनुसार मायक्रोसेकंदांपासून तासांपर्यंत लांबते. दोन्हींना एकच गणित पुरत नाही. त्यासाठी क्वांटम रसायनशास्त्र, म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचं वागणं गणिताने मांडणारं शास्त्र हवं, म्हणून भौतिकशास्त्र आणि गणित तिला पक्कं करावंच लागेल. इथे मी तुमच्या बाजूने आहे.

मार्ग सरळ आहे: एमएस्सी, मग पीएचडी. फक्त रेणूंच्या मोटरींवरच्या नोकऱ्या मोजक्याच, हे तिलाही सांगा. पण हीच गणितं औषधांच्या आणि नव्या पदार्थांच्या संशोधनात लागतात.

तिला एक काम द्या. मोफत मिळणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये इथिलीन या दोनच कार्बन अणूंच्या साध्या रेणूचा दुहेरी बंध दहा-दहा अंशांनी पिळून प्रत्येक वेळी ऊर्जा काढायची. साध्या हार्ट्री-फॉक पद्धतीत (यात प्रत्येक इलेक्ट्रॉनवर बाकीच्यांचा फक्त सरासरी परिणाम धरतात) ९० अंशांवर ऊर्जेच्या आलेखाला अणकुचीदार टोक येतं. तिथे खरं तर गोल माथा हवा. हे असं का होतं, याच्या मागे ती आठवडाभर लागली तर मला कळवा. नाही, तुम्ही नको. तिलाच लिहू द्या.