'आधार लिंक आहे' हे उत्तर ऐकून परत येऊ नका

ताई, तुमच्या आईचे लाडकी बहीणचे १५०० जमा झाल्याचं दिसतं आणि पासबुक मात्र कोरं, हे वाचून आमच्या बाबांचे पीएम किसानचे हप्ते आठवले. आधार, मोबाईल नंबर, केवायसी हे सगळं झालं असेलच, ते सांगत बसत नाही.

माझी चूक एकच, प्रश्न चुकीचा विचारला. दर खेपेला खिडकीवर "आधार लिंक आहे का?" आणि आतून, मान वर न करता, "लिंक आहे, जा." बँकेचं नाव घेत नाही. चार हप्ते, म्हणजे ८,००० रुपये, ऐन वेचणीत दिवस मोडून एसटीच्या खेपा. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, एनपीसीआयच्या मॅपरवर (कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत, ती यादी) तीच बँक असणं वेगळं. पैसे खाते क्रमांक पाहून येत नाहीत. मॅपरवर शेवटी जी बँक चढली तिथे जातात. हे त्या खिडकीने एकदाही सांगितलं नाही.

शेवटी सेतूतल्या पोराने दोन मिनिटांत काढून दिलं. आधारच्या साइटवर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं तर भलतंच नाव. मग बाबांना आठवलं, आठवडी बाजारात छत्रीखाली फुकट सिम घेतलं होतं. "अंगठा दोनदा लावून घेतला होता बाप्पा त्यानं." दुसरा अंगठा त्या भलत्या बँकेत खातं उघडायचा होता! पैसे सुखरूप होते, पण काढायला गेलो तर अंगठा उठेना. वेचणीत बोंडांनी बोटं फाटलेली. धोतराला पुसून पुसून पाचव्यांदा उठला.

तुमच्या बँकेत डीबीटी सीडिंगचा, म्हणजे मॅपरवर हीच बँक चढवायचा, संमती अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या. जुने पैसे आपोआप इकडे येणार नाहीत, तिकडूनच काढावे लागतील. मी बँकवाला नाही, कापूसवाला आहे. तुमचं कारण वेगळंही असू शकतं, आधी स्टेटस पाहा.

आणि 'खेड्यातले लोक डिजिटलला भितात' म्हणणाऱ्यांची मला चीड येते. बाबा भीत नव्हते, म्हणून तर अंगठा दिला. आता हप्ता आला की त्याच दिवशी सगळा काढून आणतात.

जाता जाता, आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे अंगठा, लॉक करून ठेवा. फक्त पैसे काढायला जाताना उघडा, उघडायला विसरलात तर अंगठा चालणार नाही आणि माझ्यासारखे सीएसपीवाल्याशी (गावात बँकेचे पैसे काढून देणारा) उगाच भांडाल.