हेगच्या कोर्टाचा आपल्याला काय उपयोग?

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत यावरून जाम वाद झाला. एक जण म्हणतो हेगचं कोर्ट नुसता देखावा आहे, आफ्रिकेतले पुढारी पकडतात आणि बड्या देशांना कोणी हात लावत नाही. दुसरा म्हणतो याच कोर्टाने कुलभूषण जाधवांची फाशी थांबवली, मग भारत मेंबर का नाही? खरं काय? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: आधी एक घोळ सोडवू, कारण तो खूप जणांचा होतो. हेगमध्ये दोन वेगळी कोर्टं आहेत. जाधवांचा २०१९ चा निकाल दिला त्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश विरुद्ध देश भांडतात आणि तिथे आपण आहोतच. दुसरं आहे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, तिथे खटला माणसावर चालतो, नरसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे असल्या गोष्टींसाठी. त्याचा करार १९९८ ला रोममध्ये झाला, काम २००२ पासून, आणि त्यात भारत नाही, अमेरिका, रशिया, चीनही नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला केस पाठवायचा आणि थांबवायचाही अधिकार दिलाय, म्हणजे बड्या देशांना स्वतः बाहेर राहून दुसऱ्यांवर खटले लावायची सोय, याला भारताचा विरोध होता. अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत घेतला नाही, हाही आपला आक्षेप. मला हे आक्षेप रास्तच वाटतात.

पण देखावा म्हणणं मला पटत नाही. कोर्टाकडे स्वतःचे पोलीस नाहीत हे खरंय, सुदानचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बशीर याच्यावर २००९ पासून वॉरंट होतं तरी २०१५ ला तो आपल्या दिल्लीत परिषदेला येऊन आरामात परत गेला. पण वॉरंट शिळं होत नाही. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते बघा, ड्रग्जविरोधी मोहिमेच्या नावाखाली हजारो माणसं मारली गेली, कोर्टाने चौकशी सुरू केली तर त्यांनी देशालाच २०१९ मध्ये कोर्टातून बाहेर काढलं. पण मेंबर असतानाच्या काळातले गुन्हे पुसले जात नाहीत ना. ११ मार्च २०२५ ला ते हाँगकाँगहून मनिलाच्या एअरपोर्टवर उतरले, तिथेच त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी धरलं आणि त्याच रात्री विमान हेगच्या दिशेने निघालं. देशातलं राजकारण फिरलं म्हणून हे झालं, मान्य, पण ज्यांची पोरं रस्त्यावर मारली त्या आयांना निदान दार ठोठवायला एक जागा तरी मिळाली.

आणि हे कोर्ट शेवटचा पर्याय आहे, देश स्वतः नीट खटला चालवत असेल तर ते मध्ये पडत नाही. म्हणून माझ्या मते आपला खरा प्रश्न हेग नाहीच, घरचा कायदा आहे. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये १९८४ च्या शीखविरोधी दंगलीसाठी काँग्रेसचे नेते सज्जन कुमार यांना दोषी ठरवताना स्पष्ट लिहिलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि नरसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, ही पळवाट तातडीने बुजवा, आणि तिथे १९८४ सोबत आपल्या १९९३ च्या मुंबईचंही नाव घेतलं. मुंबईच्या त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नऊशे मृत्यू नोंदवले, पण कायद्याच्या लेखी ते सुटे सुटे खून. नरसंहारविरोधी करार आपण १९५९ मध्ये मान्य केलाय, तरी त्यासाठी कायदा केला नाही, २०२४ ला आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली तेव्हाही ते कलम घातलं नाही. परकं कोर्ट नको असेल तर नको, पण मग हे कलम कधी आणताय ते आपल्या खासदाराला लेखी विचारा.