मग पेट्रोल कुठे गेलं?

नववीची पहिली चाचणी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. ‘ताई, आठवीपर्यंत पोरगी पहिल्या पाचात होती हो. हे फिजिक्स काय सुरू झालं, नि चाल, वेग, त्वरण यातच अडकून बसलीये.’ मग आवाज खाली येतो. ‘आमच्या घरात गणिताचं डोकं कुणालाच नाही. कॉमर्सच द्यावं का?’ इंदूरच्या मराठी घरांतून हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. कॉमर्सला माझी ना नाही, पण ते एका धड्यावरून ठरवू नये.

तिला रेवा म्हणू. (नाव अर्थातच बदललेलं.) घर लोकमान्य नगरात, कोचिंग भंवरकुआंला, आणि पहिल्या भेटीत तोंडाला कुलूप. व्याख्या विचारल्या तर घडाघडा. ‘वेगबदलाचा दर म्हणजे त्वरण.’ कानामात्रेची चूक नाही! मी विचारलं, ‘हे सगळं खोटं आहे असं पहिल्यांदा कधी वाटलं तुला?’

तिने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘घरून राजवाड्याला गेलो आणि परत आलो, तर सरासरी वेग शून्य म्हणतात. मग पेट्रोल कुठे गेलं?’

वर्गात तिने हेच विचारलं होतं. मुलं हसली, सरांनी ‘पेपरापुरतं पाठ कर’ म्हणून विषय मिटवला. माझ्यासमोर आईही हसली. मला मात्र तिथेच निदान सापडलं. ही पोर ढ नव्हती, पुस्तकाला प्रश्न विचारत होती. पाठांतर करणारी मुलं नववीत सुखाने पास होतात आणि अकरावीत आपटतात. पुस्तक आणि अनुभव ताडून पाहणारी मात्र नववीतच अडतात. असं अडणं मला शुभलक्षण वाटतं.

मी स्विस बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या परंपरेतली. मूल कोरी पाटी घेऊन येत नाही, स्वतःचं शास्त्र घेऊन येतं, हे मानणारी. 1928 साली दावोसला आइन्स्टाइननेच पियाजेला विचारलं होतं की मुलांना काळ आधी उमगतो की वेग. पियाजेने तपासलं तेव्हा दिसलं की लहान मुलांच्या लेखी जो पुढे असतो तोच जोरात पळत असतो. मोठे होऊनही हे सहज सुटत नाही. अमेरिकेत ट्रोब्रिज आणि मॅकडर्मट या संशोधकांनी 1980 च्या सुमारास कॉलेजातल्या मुलांना दोन घरंगळणारे गोळे दाखवले. एक दुसऱ्याला गाठतो त्या क्षणी दोघांचा वेग सारखा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं! आणि खुद्द गॅलिलिओ? पडणाऱ्या वस्तूचा वेग पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असं त्याने 1604 च्या पत्रात लिहिलं होतं. तो काळाच्या प्रमाणात वाढतो, हे छापून आलं 1638 मध्ये. रेवाला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा सरळ बसली.

मग गृहपाठ दिला. बाबांनी गाडी चालवायची, हिने शेजारी बसून मोबाइलवर स्पीडोमीटरच्या काट्याचा व्हिडिओ घ्यायचा. लोकमान्य नगर ते राजवाडा, महू नाक्यावरून.

पुढच्या भेटीत व्हिडिओ लावण्याआधी मी विचारलं, ‘त्वरण सगळ्यात जास्त कुठे असेल?’

‘पन्नासला. मोकळा रस्ता होता तिथे.’

तो तुकडा लावला. काटा पन्नासवर गप्प.

‘काय बदलतंय?’

‘काहीच नाही…’ बराच वेळ गेला. मी मुद्दाम बोलले नाही. ही शांतता पालकांना सोसत नाही, पण कामाची तीच असते. ‘म्हणजे इथे त्वरण शून्य?’

मग तिने स्वतःच व्हिडिओ मागे नेला, महू नाक्याच्या सिग्नलपर्यंत. हिरवा दिवा, आणि काटा शून्यावरून जेमतेम उठतोय. मागे-पुढे करत राहिली. ‘मावशी, इथे वेग जवळजवळ नाहीच, पण त्वरण आहे!’ मॅडमची मी मावशी झाले ती त्याच क्षणी.

वळणावर पुन्हा फसली. काटा वीसवर स्थिर, म्हणून त्वरण नाही म्हणाली. मी एवढंच विचारलं, ‘गाडीचं तोंड?’ उत्तर तयार होतं, ‘चाल तीच, दिशा बदलली. म्हणजे वेग बदलला. म्हणजे त्वरण आहे.’ आणि निघता निघता, मी न विचारता, ‘पेट्रोल चाललेल्या अंतराचा हिशेब मागतं, विस्थापनाचा नाही.’ (विस्थापन म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट. परत घरी आलो की ते शून्य, आणि पुस्तकातला सरासरी वेग त्यावरूनच काढतात.) इतकी वर्षं या खुर्चीत बसते, पण त्या दिवशी चहा जरा जास्तच गोड लागला.

बाबांनी लगेच ‘तसंच मार्कांचंही…’ सुरू केलं. त्यांना मी तिथेच थांबवलं.

घरी करण्यासारखं बरंच आहे. सूत्राआधी आलेख काढू द्या, आडवा काळ, उभा वेग. एकक वाचायला लावा: सेकंदाला 2 मीटर प्रति सेकंद म्हणजे दर सेकंदाला वेग 2 ने वाढतोय. थांबलेली गाडी 5 सेकंदांत ताशी 36 किलोमीटरवर, म्हणजे 10 मीटर प्रति सेकंदावर आली, की झालं हे त्वरण. गच्चीवरून सुटलेल्या चेंडूचा वेग सेकंदागणिक ताशी 35 किलोमीटरने वाढतो, हे सांगून बघा, डोळे विस्फारतात. ऋण त्वरण दिसलं की ‘ब्रेक’ म्हणून मोकळे होऊ नका. उजवीकडे धन धरलं आणि गाडी डावीकडे जोर घेत सुटली, तरी चिन्ह ऋणच येतं. आणि उत्तर चुकलं तर ‘असं का वाटलं तुला?’ विचारा, तेही रागावून नव्हे.

मात्र मूल भागाकारात किंवा दर काढण्यातच चाचपडत असेल, तर त्वरण बाजूला ठेवून आधी सातवीचं गणित पक्कं करा. पेपरच्या आदल्या रात्री झोप उडते, पोट दुखतं, असं वारंवार होत असेल तर कोचिंग बदलत बसू नका. त्याला घेऊन भेटायला या, आणि येताना वही आणा, मार्कशीट नको.