काडतूस, गोळी आणि पुंगळी

अंधेरीच्या एका वाचकाने बातमीतली ओळ पाठवली आहे: ‘आरोपीकडून एक रिव्हॉल्व्हर, दोन जिवंत काडतुसे आणि तीन पुंगळ्या जप्त.’ त्यांचा प्रश्न असा, की काडतूस म्हणजेच गोळी ना? मग पुंगळी ती कोणती?

तिन्ही वेगळ्या. नळीतून सुटते ती गोळी. ती जिच्या तोंडाशी घट्ट बसवलेली असते ती पितळी नळकांडी म्हणजे पुंगळी. गोळी, पुंगळी, आतली दारू आणि बुडाची स्फोटक टोपी मिळून काडतूस होते. म्हणून ‘छातीत दोन काडतुसे घुसली’ असे लिहिणे चूकच. टोपी अजून फुटलेली नसेल तर काडतूस ‘जिवंत’. बार उडाला की मागे उरते ती पुंगळी.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, चावी आणि पगार आले तसाच. त्याच्या मुळाशी इटालियन ‘कार्ता’ आहे, म्हणजे कागद. आरंभी काडतूस खरोखरच कागदाचे होते: मोजलेली दारू आणि गोळी गुंडाळलेली पुडी. १८५७ साली ज्या चरबीच्या काडतुसांवरून शिपाई बिथरले ती अशीच, दाताने फाडून दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. कोकणात ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात ती याच जातीची.

सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतले त्या रिव्हॉल्व्हरलाही ठासणीच होती. रिव्हॉल्व्हरच्या पोटातला फिरता, भोकाभोकांचा दंडगोल म्हणजे सिलिंडर; त्याच्या प्रत्येक भोकात, म्हणजे घरात, पुढून दारू आणि गोळी भरायची, मागे तांब्याची टोपी चढवायची. सगळी घरे भरेपर्यंत किती वेळ जात असेल!

धातूच्या पुंगळीने हा खटाटोप संपवला. फ्रान्समधल्या लफोशेच्या काडतुसाला कुशीतून एक खिळा बाहेर आलेला असे. बंदुकीचा घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारी हातोडी, त्यावर आपटला की आतली टोपी फुटे. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १८५७ साली आणलेल्या लहानशा रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात स्फोटक बुडाच्या काठातच भरलेले होते. पण घोड्याने काठ चेपला जायचा तर पत्रा पातळच ठेवावा लागतो आणि पातळ पत्रा जास्त दारूचा दाब सोसत नाही. मग टोपी बुडाच्या मधोमध आली. दिवाळीतली टिकली फुटते तशी ती ठोक्याने फुटते आणि ठिणगी दारूत जाते. आता पुंगळीचे बूड हवे तेवढे जाड करता येऊ लागले. काडतूस मागून भरता यावे म्हणून सिलिंडरची घरे आरपार उघडी ठेवण्याचे पेटंट मात्र स्मिथ अँड वेसनच्या हाती होते; ते १८६९ साली संपले आणि कोल्टचे प्रसिद्ध .४५ रिव्हॉल्व्हर १८७३ साली आले.

पुंगळीच्या लांबीलाही अर्थ आहे. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरची दोन काडतुसे; नावातले आकडे वेगळे असले तरी गोळीचा व्यास एकच. मॅग्नमची पुंगळी मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब केली, ती जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरच्या घरात पूर्ण शिरू नये म्हणून. तिचा दाब त्या हत्याराला झेपला नसता.

आता पुन्हा बातमीकडे. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. त्या कडेवर ती घरात अडकून राहते आणि बाहेर काढताना तिथेच ढकलली जाते. पिस्तुलाच्या पुंगळीला बहुधा कडेऐवजी खाच असते, आणि पिस्तूल प्रत्येक बाराला पुंगळी बाहेर फेकते. रिव्हॉल्व्हर फेकत नाही. सिलिंडर उघडून रिकामा करीपर्यंत त्या आतच राहतात. त्या तीन पुंगळ्या सिलिंडरमध्येच मिळाल्या असतील, तर तीन बार उडाले आणि दोन उरले असे वाचायचे. रस्त्यावर मिळाल्या असतील, तर कोणीतरी तिथे उभे राहून सिलिंडर रिकामा केला, किंवा त्या दुसऱ्याच हत्याराच्या आहेत. बातमीदाराने ‘पुंगळ्या कुठे सापडल्या’ एवढे तीन शब्द जरूर लिहावेत.

आणि लिहिताना: ते काडतूस, ती काडतुसे, विभक्तीत ‘तू’ ऱ्हस्व होतो, काडतुसाचा, काडतुसात.