आयदर, नायदर, बोथ: दोनांच्या इंग्रजीचे प्रश्न

प्रश्न: सर, मी राजेंद्रनगरला राहते, बँकेच्या परीक्षेची तयारी चाललीये. 'बोथ माय ब्रदर्स आर नॉट इन इंदोर' हे चूक का धरतात?

उत्तर: कारण अर्थ लटकतो. आपण 'दोघंही इंदूरात नाहीत' म्हणतो, नकार शेवटी क्रियापदात येतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही, पण तेच इंग्रजीत उचलून ठेवलं की ऐकणारा विचारात पडतो, दोघंही नाहीत की एकच नाहीये? दोघांनाही नकार द्यायचाय ना, मग तो सुरुवातीलाच द्यायचा, 'नायदर ऑफ माय ब्रदर्स इज इन इंदोर'. आणि नायदरमध्ये नॉट आधीच आहे, परत लावू नका. 'आय डोन्ट लाइक आयदर' मात्र बरोबर, तिथे नकार डोन्टनं सांभाळलाय. इंदूरच्या मुलांच्या तोंडी ही चूक मला सगळ्यात जास्त ऐकू येते, म्हणून एवढं लांबवलं, प्लीज हे एक तरी पक्कं करा.

प्रश्न: पण नायदर ऑफ देमनंतर 'आर' पण ऐकलंय?

बोलताना सर्रास चालतं. परीक्षेत 'इज' लिहा. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर' असेल तर क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे: 'आयदर द टीचर ऑर द स्टुडंट्स आर...', क्रम उलटला की 'इज'.

प्रश्न: 'ट्रीज ऑन आयदर साइड ऑफ द रोड' म्हणजे झाडं एकाच बाजूला?

नाही हो, दोन्हीकडे. साइड, एंड असे शब्द पुढे आले की आयदरचा असा अर्थ होतो, फक्त पुढचं नाम एकवचनी ठेवायचं.

प्रश्न: पोहे, जिलेबी, कचोरी अशा तीन गोष्टींना आयदर चालेल?

'आयदर पोहे ऑर जिलेबी ऑर कचोरी' बोलण्यात चालून जातं. 'आयदर ऑफ द थ्री' नको, तिथे 'एनी'. बिटवीनचं वेगळंय, ते फक्त दोनांसाठी असतं असं शाळेत घोकवतात ते मला पटत नाही, नावं सुटी सुटी घेतली की तीनांनाही चालतं, 'बसेस बिटवीन इंदोर, उज्जैन अँड भोपाळ' अगदी शुद्ध आहे.

प्रश्न: ईदर की आयदर?

दोन्ही बरोबर. निवांत बोला.

प्रश्न: विजयनगरला ऑफिस आहे, 'बायवीकली मीटिंग' असा मेल आलाय, कधी जायचं?

मेल पाठवणाऱ्यालाच विचारा, कारण डिक्शनरीत दोन्ही अर्थ आहेत, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. तुम्ही स्वतः लिहाल तेव्हा 'ट्वाइस अ वीक' किंवा 'एव्हरी टू वीक्स' लिहा, नाहीतर सरळ वार-तारखाच टाका.