गाडी हिवाळाभर उभी ठेवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी नोकरीनिमित्त लेहला असतो. नोव्हेंबरअखेर विमानाने साताऱ्याला येतो आणि मार्चअखेर परततो. माझी 450 सीसीची कूलंटवाली मोटारसायकल तोवर तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहील. उन्हाळ्यात कूलंट कमी झालं म्हणून वाटेत साधं पाणी भरलं होतं. जाण्यापूर्वी काय काय करू?
— एक वाचक, लेह

उत्तर : सगळ्यात आधी ते पाणी काढा. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. लेहचा पारा हिवाळ्यात उणे 15-20 पर्यंत सहज उतरतो, आणि तेवढ्या थंडीत रेडिएटर, वॉटर पंप, प्रसंगी इंजिनाचा हेडसुद्धा तडकतो. हा सगळ्या यादीतला सर्वांत महागडा बिघाड आहे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे असतील तर मिश्रण सुमारे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. पाण्याची भर पडल्यावर प्रमाण किती उरलं हे रंगावरून कळत नाही, म्हणून सगळंच काढून नवं भरा. निव्वळ कूलंट भरणं जास्त सुरक्षित, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. कूलंटचा मुख्य घटक म्हणजे ग्लायकॉल, आणि पाणी न घातलेलं ग्लायकॉल उणे 13 च्या आसपासच गोठतं. बाटलीवर ‘रेडी टू यूज’ लिहिलेलं असेल तर मात्र वरून पाणी घालू नका. भरल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप हाताला गरम लागेपर्यंत इंजिन चालवा, म्हणजे नवं कूलंट सगळीकडे फिरेल. इंजिन थंड झालं की पातळी पुन्हा बघा.

बॅटरी काढून घरात ठेवा. पूर्ण चार्ज असलेली लेड-अॅसिड बॅटरी उणे 50 पर्यंतही गोठत नाही, पार उतरलेली मात्र उणे 7-8 लाच गोठते आणि तिची पेटी फुटते. गाडीला लावून ठेवली तर ती उतरणारच. घड्याळ, ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक), कोणी बसवलेला जीपीएस ट्रॅकर हे सगळे मिळून 5 मिलिअँपिअर जरी खात असतील, तरी महिन्याला 3.6 अँपिअर-अवर जातात. 8 अँपिअर-अवरच्या बॅटरीचे अडीच महिन्यांत बारा वाजतात. काढताना आधी निगेटिव्ह वायर, मग पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि पाना चॅसीला टेकला, तर थेट शॉर्ट होईल. लावताना आधी पॉझिटिव्ह. पूर्ण चार्ज करून चार-सहा तास राहू दिलेली बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते; त्याहून कमी दाखवत असेल तर पुन्हा चार्ज करा.

टाकी जवळजवळ पूर्ण भरा, वर दोन बोटं जागा सोडा. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन साचते आणि टाकी आतून गंजते. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. पेट्रोल भरतानाच फ्यूएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध, घाला. प्रमाण बाटलीवर असतं. मग गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा, नाहीतर औषध टाकीतच राहतं आणि इंजेक्टरमधलं पेट्रोल तसंच जुनं.

टायरमध्ये पुस्तिकेत दिलेल्या दाबापेक्षा 3-4 पीएसआय जास्त हवा भरा. 30 अंशांना 30 पीएसआय असलेला टायर उणे 10 ला, एकही पंक्चर नसताना, 24 पर्यंत उतरतो. शक्य असेल तर दोन्ही चाकं जमिनीपासून उचला. मागचं तर नक्कीच. सायलेन्सर आणि एअर फिल्टरचं तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करा, कारण उंदीर तिथेच घर करतात. हँडलला लाल फडकं बांधून ठेवा, म्हणजे सुरू करण्यापूर्वी बोळे काढायची आठवण राहील.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये राहते. माझ्या गाडीची नंबर प्लेट मार्च ते ऑक्टोबर अशी सीझनची आहे. गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये असते, तिथे प्लग पॉइंट नाही. बाबा कोल्हापूरहून फोनवर बजावतात की दर रविवारी दहा मिनिटं सुरू करून ठेव. तसं करू का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : नको. बाबांचा सल्ला काळजीपोटी आहे आणि आपल्याकडे घरोघरी दिला जातो, पण गाडीचं नुकसान बहुधा त्यानेच होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन नीट तापलेलं असेल तर ही वाफ बाहेर पडते. थंडीत दहा मिनिटं उभ्याउभ्या चालवलेल्या गाडीत ती सायलेन्सरमध्ये आणि क्रँककेसमध्ये पाणी होऊन बसते. सायलेन्सर आतून कुजतो, ऑइलमध्ये पांढरट साय येते. बॅटरीलाही फायदा नाही. सेल्फ मारताना गेलेला करंट आयडलिंगला भरून निघत नाही, कारण हेडलाइट सतत चालू असतो. तळघरात कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोका वेगळाच. शिवाय प्लेटवर लिहिलेल्या महिन्यांबाहेर सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणं आणि उभी करणं, दोन्हींना मनाई आहे. म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर फिरवून इंजिन तापवण्याचा पर्यायही तुमच्याकडे नाही. एकदा नीट तयारी करा आणि मार्चपर्यंत हात लावू नका.

ऑइल गाडी उभी करण्यापूर्वी बदला, मार्चमध्ये नव्हे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि ओलावा असतो. चार महिने बेअरिंगवर तेच बसून राहतं. इंजिन गरम असताना काढा, फिल्टरही बदला, नवं भरून दोन-तीन मिनिटं चालवा. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (मोटारसायकलच्या ऑइलचा दर्जा) असल्याची खात्री करा, कारण कारच्या ऑइलने ओला, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेला, क्लच घसरू शकतो.

ऑक्टोबरअखेर रस्त्यावर मीठ पडलं असेल तर गाडी थंड पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा. चेन केरोसिनने किंवा चेन क्लीनरने साफ करून ल्यूब लावा, फोर्कच्या नळ्यांवर तेलाचं बोट फिरवा. ब्रेक डिस्कवर मात्र एक थेंबही नको. बॅटरी घरी नेऊन मेंटेनर चार्जरवर ठेवा, तो 13.2 ते 13.6 व्होल्टवर ती सांभाळतो. बॅटरी लिथियमची असेल तर चार्जरही तिच्यासाठीचाच हवा, आणि शून्य अंशाखाली चार्जिंग अजिबात नको. झाकायला सुती चादर किंवा हवा खेळणारं कव्हर घ्या. प्लॅस्टिकखाली गाडी घामेजते.

प्रश्न : आमची कार्बोरेटरची 100 सीसी गाडी डिसेंबर-जानेवारीत पहाटे खूप किका खाते. उपाय?
— एक वाचक, निफाड

उत्तर : चोक पूर्ण ओढा आणि अॅक्सिलरेटरला हात लावू नका. थ्रॉटल उघडला की चोकचा परिणाम निघून जातो. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. चावी बंद ठेवून दोन-तीन सावकाश किका मारा, मग चावी लावून एक दमदार किक. अर्धा-एक मिनिटात चोक परत घाला, नाहीतर प्लग काळा होतो. तरीही त्रास राहिला तर प्लगची गॅप, स्लो जेटमधला कचरा आणि टॅपेट या क्रमाने तपासा. 10डब्ल्यू-30 ऑइल सांगितलेल्या गाडीत कोणी त्याहून दाट 20डब्ल्यू-50 भरलं असेल तर थंडीत किक जड होणारच.

प्रश्न : कार्बोरेटरची जुनी 350 सीसी गाडी दिवाळीपासून काहीही न करता उभी आहे. आता फेब्रुवारीत धक्का मारून सुरू करू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : धक्का मारू नका, सिलिंडरची भिंत एव्हाना कोरडी पडलेली असते. प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, चावी बंद ठेवून दहाएक सावकाश किका मारा, मग प्लग साफ करून बसवा. त्याआधी कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढून टाका. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन पाहा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा वार्निशसारखा आंबट वास आला, तर टाकी पूर्ण रिकामी करा. क्लच दाबून, गाडी गिअरमध्ये ठेवून पुढे-मागे ढकला. चाक अडलं तर क्लचच्या प्लेटा चिकटल्यात. त्या सुटेपर्यंत हे करत राहा. सुरू झाल्यावर थोडा निळा धूर येईल, तो सोडलेल्या ऑइलचा, काही मिनिटांत थांबतो. मागचा ड्रम ब्रेक गंजाने धरू शकतो. पहिले दोन किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर हळू चालवा, ब्रेक मारून पाहा आणि थांबल्यावर ड्रमजवळ हात नेऊन तापलाय का ते तपासा.